ईदच्या दिवशीची मोठी बाटली

माझ्या हातांचा मला अभिमान आहे आणि तो मी कधी लपवला नाही. तीसहून जास्त वर्षं मी जंतूंच्या प्रयोगशाळेत काढली. खोकल्याचे बेडके, घशातला पू, बायकांच्या तपासणीतले स्राव, गर्भाशयाच्या अस्तराचा नखाएवढा तुकडा, सगळं या हातांखालून गेलं. घरात माझ्या हातून रोज काही ना काही सांडतं. काचेचे कप नवराच धुतो, कारण मी धुतले की आठवड्याला एक कमी होतो. पण हातमोजे चढवून, जंतू बाहेर न सोडणाऱ्या काचेच्या कॅबिनेटसमोर बसले की थेंब इकडचा तिकडे होत नाही, असं मी नव्या मुलींना छातीठोकपणे सांगायची. आजही सांगते, फक्त त्याच्यापुढे आता ईदच्या दिवसाची गोष्ट जोडते.

आमचं काम लोकांना पटकन कळत नाही, म्हणून आधी तेवढं सांगते. टीबी म्हटलं की सगळ्यांना खोकला आठवतो. जंतू श्वासातून आत जातो आणि फुफ्फुसात बसतो हे खरंच आहे. पण कधीकधी तो रक्तातून प्रवास करून गर्भाशयात आणि तिथल्या नळ्यांत मुक्काम ठोकतो. तिथे तो खोकत नाही, बहुतेक वेळा तापही आणत नाही. बाईला एवढंच कळतं की लग्नाला वर्षं झाली आणि मूल नाही. मला वर्षानुवर्षं एका प्रश्नानं पछाडलं होतं. आपल्या हैदराबादेत फुफ्फुसांत सापडणारे हे जंतू आणि गर्भाशयात सापडणारे जंतू एकाच कुळातले की वेगळे? बोटाच्या ठशासारखा प्रत्येक जंतूचा जनुकीय ठसा काढता येतो. असे ठसे काढायचे आणि जुळवून बघायचे, हे माझं संशोधन. निवृत्ती जवळ आली होती आणि मला ते पुरं करूनच घरी बसायचं होतं.

प्रयोगशाळेत माझा उजवा हात म्हणजे आमचे मुख्य तंत्रज्ञ. मी त्यांना भाईसाब म्हणते, ते मला मॅडम. आम्ही दोघं जवळपास एकाच वेळी नोकरीला लागलो, एकाच वेळी आमचे केस पांढरे झाले, आणि भांडायलाही आम्हाला दुसरं कुणी लागत नाही. आमच्यात एक जुना रिवाज आहे. दसऱ्याला ते सगळा कारभार एकटे सांभाळतात आणि दोन्ही ईदला त्यांच्या जागेवर मी बसते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्याकडून पुरणपोळ्या जातात, रमजानच्या ईदच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून शीरखुर्म्याचा डबा येतो. मला खरं तर ईदचा दिवस फार आवडतो. एरवी माझ्या वाट्याला सह्या आणि मीटिंगा येतात. त्या दिवशी मात्र मी पुन्हा हातानं काम करणारी बाई होते.

टीबीच्या नमुन्यावर आधी एक तिखट द्रव घालतात, त्यात बाकीचे जंतू मरतात. मग त्याचा तिखटपणा मारायला बफर नावाचा पाण्यासारखा द्रव ओततात आणि नळी यंत्रात गरगर फिरवतात. तळाशी जे बसतं ते वाढायला ठेवायचं. यात सगळ्यात धोक्याची जागा म्हणजे तो बफर. एकाच मोठ्या बाटलीतून नळ्यांमागून नळ्यांत ओतत गेलं आणि बाटलीचं तोंड कुठे चाटून गेलं, की एका माणसाचे जंतू दुसऱ्याच्या नळीत. म्हणून आमच्याकडे बफर लहान लहान कुप्यांत भरून ठेवतात. एका रुग्णाला एक कुपी, आणि काम झालं की ती फेकायची. हा नियम मीच केला. भिंतीवर तो इंग्रजीत आणि तेलुगूत छापलेला आहे, आणि खाली भाईसाबांच्या सुरेख उर्दू अक्षरात.

आता ती बाई. नमुने आमच्याकडे नंबर घेऊन येतात, चेहरा घेऊन येत नाहीत, म्हणून तिची पहिली ओळख मला नंबरानेच झाली. गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसले नव्हते. जंतू वाढले की वाजणाऱ्या यंत्रात नळी पाच आठवडे गप्प बसून होती, आणि एक दिवस यंत्र वाजलं. नळीतला थेंब काचपट्टीवर रंगवून पाहिला तर लाल काड्यांच्या दोऱ्याच दोऱ्या, टीबीच्या जंतूंची अस्सल खूण. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. गर्भाशयातून टीबीचा जंतू वाढवून दाखवणं कठीण असतं आणि मला माझ्या संशोधनासाठी तसे जंतू हवेच होते. रिपोर्टवर मी ठसठशीत सही केली. तिच्या डॉक्टरांनी सहा महिन्यांचं औषध सुरू केलं.

दहा-पंधरा दिवसांनी ती स्वतःच प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली. तिशीची, अंगावर साधी कॉटनची साडी, हातात माझ्या सहीचा कागद. रुग्ण आमच्यापर्यंत येत नाहीत, त्यांना आम्ही आहोत हेही ठाऊक नसतं. ही मात्र सही कुणाची आहे, ते विचारत विचारत तीन मजले हिंडून आली होती. माझं आडनाव वाचून तिनं मराठीतच सुरुवात केली.

“मॅडम, मला कळत नाही. हे माझ्यात आलं कुठून?”

मी तिला बसवलं. जंतू श्वासातून कसा येतो, रक्तातून कसा जातो, ते कागदावर चित्र काढून समजावलं. आणि मग तो प्रश्न विचारला. लहानपणी घरात कुणाला टीबी झाला होता का? ती चित्राकडे बघत राहिली. वडिलांना झाला होता, म्हणाली. ती चार-पाच वर्षांची असताना. त्यांनी पुरं औषध घेतलं, बरे झाले, त्यानंतर आजतागायत धडधाकट आहेत. मी मान डोलावली आणि माझ्या नेहमीच्या खात्रीच्या आवाजात सांगितलं की हा जंतू वर्षानुवर्षं शरीरात झोपून राहू शकतो, त्यामुळे तसं असणं शक्य आहे. मी ‘शक्य आहे’ म्हटलं होतं. पण ती उठली तेव्हा ‘आहे’ एवढंच घेऊन उठली, आणि ते माझ्या त्या वेळी लक्षात आलं नाही.

पुढे दर महिन्याला औषध घ्यायला आली की ती दहा मिनिटं माझ्याकडे येऊन बसायची. मला गप्पा आवडतात आणि मराठीत गप्पा मारायला प्रयोगशाळेत दुसरं कुणी नव्हतं. ती सुलतान बाजारात साड्यांच्या दुकानात काम करायची, सासर काचीगुड्याला. लग्नाला सहा वर्षं झालेली. तिच्या मराठीत उर्दू आणि तेलुगू इतकं मिसळलेलं, की कधीकधी एका वाक्यात तिन्ही यायच्या. मराठी वाचायला तिला फारसं जमत नव्हतं. तिचे वडील मात्र उदगीरकडचे, मराठी शाळेत शिकलेले. शेती भावाकडे सोडून तरुणपणी इथे सरकारी नोकरीला आले, आता निवृत्त, नारायणगुड्याला मुलाकडे राहतात. त्यांना ती अप्पा म्हणायची.

हे अप्पा दर रविवारी ज्वारी दळून आणायचे. दुकानातलं पीठ त्यांना चालत नाही. गिरणीत स्वतः उभं राहायचं, आधी कुणाचा गहू दळला असेल तर भांडायचं, आणि गरम पिठाची पिशवी खांद्याला लावून लेकीच्या घराचे तीन जिने चढायचे. चहा प्यायचा, जावयाशी क्रिकेटवर दोन शब्द बोलायचे आणि निघायचं. माझा रिपोर्ट आणि वडिलांबद्दलचं माझं बोलणं घरी गेलं, आणि तिच्या सासूबाई एकदा बोलून गेल्या की हे दुखणं माहेरून आलेलं आहे. सासूबाई वाईट नव्हत्या, हे ती आवर्जून सांगायची. ते वाक्य त्या पुन्हा बोलल्याही नाहीत. पण ते अप्पांच्या कानावर गेलं. पुढच्या रविवारी पिशवी खाली वॉचमनकडे आली.

“फोन केला तर म्हणतात गुडघे दुखतात,” ती म्हणाली. “मॅडम, ते रोज सकाळी पार्कात चार चक्कर मारतात. तीन महिने झाले, अप्पा वर आले नाहीत. पीठ तेवढं येतं.”

ती रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. अप्पांच्या मनात तो काटा कुणी रुतवला हे मला पक्कं ठाऊक होतं. घरात कुणाला होता का, हे सासूबाईंनी विचारलं नव्हतं, मी विचारलं होतं.

चौथ्या महिन्यात जंतूंच्या ठशांचे निकाल हाती आले. मी चष्मा लावून यादी जुळवायला बसले आणि अर्ध्या तासात खुर्चीतून उठले. तिचा जंतू आणि एका म्हाताऱ्या माणसाच्या थुंकीतला जंतू, दोन्हींचा ठसा शेवटच्या आकड्यापर्यंत एक. फॉर्मवर त्या म्हाताऱ्याचा धंदा लिहिलेला होता, फुटपाथवर कुलपं-किल्ल्या विकणे. आणि पुढे ठिकाण, सुलतान बाजार.

मला काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, मी जिंकले. संशोधन म्हणून तर हे सोनं होतंच. या शहरात खोकणाऱ्या एका माणसाचा जंतू बाजारातल्या एका बाईच्या गर्भाशयात सापडतो, एवढ्या उघडपणे हे अजून माझ्यापुढे आलं नव्हतं. पण त्याहून मोठं म्हणजे अप्पा सुटले. जंतू माहेरचा नव्हता, तो बाजारातून आला होता, आणि हे मी कागदावर सिद्ध करून देऊ शकत होते.

धीर धरणं मला जमत नाही. शनिवारी दुपारी ऑटो करून मी सुलतान बाजारात गेले. लग्नसराई होती, बसमागून बस रेटत होती आणि मधूनच बायका पिशव्या सांभाळत रस्ता ओलांडत होत्या. मी कुणालाही काही विचारलं नाही, रुग्णाची गोष्ट रस्त्यावर काढायची नसते. पण फुटपाथवर कुलपांचा ठेला एकच होता, त्यावर ताडपत्री टाकून दोरीने आवळलेली. तिथून मी पावलं मोजत निघाले. तिच्या दुकानाच्या पायरीपर्यंत बत्तीस पावलं झाली. काचेतून ती दिसली, एका नवरीच्या आईपुढे साडीवर साडी उलगडत होती. आत जाऊन तिला तिथल्या तिथे सांगावं असं फार मनात आलं. पण गादीवर बसायला जागा नव्हती, आणि एवढी मोठी बातमी ब्लाउजपीसच्या गर्दीत सांगायची माझी तयारी नव्हती. सोमवारी सगळं रीतसर करू म्हणून मी परत फिरले. येताना आबिड्सला उतरून चांगला जाड कागद विकत घेतला. अप्पांना पत्र लिहायचं होतं, मराठीत, माझ्या हातानं.

सोमवारी सकाळी मी भाईसाबांना यादी दाखवली आणि शाबासकीची वाट बघत उभी राहिले. त्यांनी दोनदा वाचली. मग ते कपाटाकडे गेले. आमच्याकडे दोन ठसे जुळले की आधी त्या दिवसांची कामाची शीट काढून बघायची, हीसुद्धा माझीच शिस्त. आनंदाच्या भरात मी ती विसरले होते. ते विसरले नव्हते.

फाईल घेऊन ते आले, पान माझ्यापुढे धरलं आणि खाली बघत म्हणाले, “मॅडम, ये दोनों ट्यूबां एकीच दिन के हैं. बाजू-बाजू में.”

मी चिडले. एका दिवशी आल्या म्हणून काय झालं, बाजारातले दोघे, एकाच हॉस्पिटलला आले असतील, असं मी तावातावानं बोलायला लागले. माझ्या हाताखाली काम करणाऱ्या कुणाचा हात सटकत नाही, हेही बोलले. त्यांनी मला बोलू दिलं. मग पानाच्या वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. अक्षर माझं होतं. तारखेपुढे मीच हौसेने ईदचा चंद्र काढला होता, दरवर्षी काढते. आणि त्याच्याखाली बफरच्या रकान्यात लिहिलं होतं, मोठी बाटली.

मला तो दिवस लख्ख आठवला. आदल्या संध्याकाळी निर्जंतुक करायचं यंत्र रुसलं होतं, म्हणून कुप्या निम्म्याच तयार होत्या. उरलेले नमुने फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी केले असते तर आकाश कोसळलं नसतं. पण मी रंगात आले होते. वर्षातून दोनदा मिळणारा तो दिवस मला अर्धवट सोडायचा नव्हता. दुसऱ्या कुणा मुलीनं मोठी बाटली उचलली असती तर मी तिला कॅबिनेटसमोरून उठवलं असतं. मी मात्र उचलली, कारण हात माझा होता. म्हाताऱ्याची थुंकी जंतूंनी गच्च भरलेली होती. तिच्यात ओतताना बाटलीचं तोंड चाटून गेलं असणार, आणि पुढची नळी त्या बाईची होती. प्रामाणिकपणे मी ‘मोठी बाटली’ असं लिहून ठेवलं, आणि लिहिलं म्हणजे नियम पाळला अशा समाधानात शीरखुर्म्याची वाट बघत घरी गेले.

मी स्टुलावर बसले. भाईसाबांनी पाणी आणून दिलं आणि ते माझ्याकडे पाठ करून उगाचच रॅक पुसत राहिले. माझी लाज त्यांनी बघितली नाही, हे मी त्यांचं कधी विसरणार नाही.

मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. सगळं पुन्हा उलगडलं. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या तुकड्यात जंतू नव्हते. यंत्राबरोबर हिरव्या घन खाद्यावर जे वाढायला ठेवलं होतं, त्या बाटलीत आजतागायत काही उगवलं नव्हतं. म्हाताऱ्याची नळी आठवड्यात वाजली होती, तिची पाच आठवड्यांनी, म्हणजे आत गेले असतील ते मूठभर चुकार जंतू. शेजारच्या विभागात जाऊन तिच्या पेशींची काचपट्टी आम्ही पुन्हा बघायला लावली, त्यात टीबीची एकही खूण नव्हती. आणि संशोधनासाठी तिच्या तुकड्याचा एक भाग मी न उघडता खोल गोठवून ठेवला होता. तो काढून, एका माणसाला एक कुपी करत, भाईसाबांनी तपासला. त्यात टीबीचा जंतू नव्हता. एवढ्या सगळ्या गोष्टी पहिल्या दिवसापासून ‘नाही’ म्हणत होत्या. एक नळी ‘हो’ म्हणाली आणि मी तिच्या बाजूने उभी राहिले, कारण मला ती हवी होती.

तिच्या डॉक्टरांना मी फोन केला, मग कागद घेऊन समोर जाऊन बसले. सगळं तपासून त्यांनी औषध थांबवायचं ठरवलं. सुधारित रिपोर्ट पाठवा, बाकीचं मी सांभाळून सांगेन, असं ते म्हणाले. भला माणूस. मी नको म्हटलं. चूक करताना मी दुसऱ्याचा हात वापरला नव्हता.

गुरुवारी ती औषधाचा दिवस म्हणून आली. मी दार लावून घेतलं आणि आधी मुख्य वाक्य सांगितलं, की तुला टीबी नाही आणि कधीच नव्हता. मग सगळं सांगितलं. ईद, कुप्या, बाटली, शेजारची नळी. म्हाताऱ्याचं नाव-गाव सोडून काही झाकलं नाही. चूक माझी, माझ्या हातची, असं दोनदा म्हटलं, कारण पहिल्यांदा माझा आवाज नीट निघाला नाही.

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग तिनं विचारलं की चार महिने लघवी लाल व्हायची, मळमळायचं, पोटात आग पडायची, ते सगळं कशासाठी होतं. कशासाठीही नाही, मी म्हणाले. तिचा चेहरा कडक झाला. तुम्ही किती पक्कं सांगितलं होतं, मॅडम, एवढंच ती बोलली. शिव्या दिल्या असत्या तरी मी ऐकून घेतल्या असत्या, पण हे सोसणं कठीण होतं.

“मग मूल का होत नाही?” ती म्हणाली.

हा प्रश्न येणार हे मला कळायला हवं होतं. टीबी हे तिचं दुखणं होतं तसंच तिचं उत्तरही होतं. सहा महिने संपले की मार्ग मोकळा, अशी तिने मनाशी गाठ मारली होती. मी तिचं दुखणं परत घेत होते आणि त्याबरोबर तेही काढून घेत होते. मला माहीत नाही, मी म्हणाले. आयुष्यात एवढ्या पक्केपणाने मी ‘माहीत नाही’ कधी म्हटलं नव्हतं. मग मी तिचे सगळे कागद पुन्हा चाळले आणि एक गोष्ट माझ्या डोळ्यांत घुसली. सहा वर्षांत तिच्या चार तपासण्या झाल्या होत्या, नवऱ्याची एकही नाही. माझा रिपोर्ट आल्यावर तर कुणी तो विषयसुद्धा काढला नव्हता. माझा जुना पारा चढला. आता पहिली तपासणी त्यांची, मी म्हणाले, आणि तो नमुना माझ्याच प्रयोगशाळेत येणार, आणि ते आले नाहीत तर मी स्वतः काचीगुड्याला येऊन त्यांना घेऊन जाईन. तेव्हा ती जराशी हसली. मला वाटतं ते हसू नवऱ्याच्या काळजीचं होतं, पण मला ते पुरलं.

मी आबिड्सचा जाड कागद तिच्यापुढे ठेवला. त्यावर मी मराठीत पत्र लिहिलं होतं. शास्त्राचं काही मराठीत लिहायची ती माझी पहिलीच वेळ, तीन कागद फाडले तेव्हा कुठे जमलं. तुमच्या मुलीला क्षयरोग नव्हता, प्रयोगशाळेच्या चुकीमुळे तसा रिपोर्ट गेला, ती चूक माझ्या हातून झाली, आणि तुमच्यापासून तिला काहीही झालेलं नाही. खाली सही, शिक्का. तिने त्यावरून बोट फिरवलं, दोन-तीन शब्द अडखळत वाचले आणि पत्र परत माझ्याकडे सरकवलं.

“तुम्हीच सांगा त्यांना,” ती म्हणाली. “मी सांगितलं तर म्हणतील, पोरगी माझं मन राखते.”

तिने फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि टेबलावर आमच्या दोघींच्या मध्ये ठेवला. मी नाव सांगितलं, कोण ते सांगितलं आणि पत्र वाचून दाखवलं. पलीकडे कुठेतरी भाजीवाल्याची आरोळी ऐकू येत होती. मी विचारलं, ऐकलंत ना? तेव्हा एक सावकाश, जाडसर आवाज आला.

“बाई, ती शेवटची ओळ पुन्हा वाचता का?”

मी वाचली. तुमच्यापासून तिला काहीही झालेलं नाही.

समोर ती फोनकडे टक लावून बसली होती, मीसुद्धा. मग अप्पांनी विचारलं, अगदी अदबीनं, कचेरीत परवानगी मागावी तसं.

“मंग मी तिच्या घरी वर जाऊ शकतो का?”

एक म्हातारा माणूस स्वतःच्या लेकीचे तीन जिने चढायची परवानगी माझ्याकडे मागत होता, आणि चार महिने ती मीच अडवून धरली होती. जा, मी म्हणाले. रविवारची वाट बघू नका, आजच जा.

“आज कसं?” ते म्हणाले. “आज गिरणी बंद राहते, बाई. लेकीच्या घरी रिकाम्या हातानं कसं जावं?”

ती पुढे वाकली. आपण ऐकत होतो हे तिने त्यांना आता कळू दिलं.

“अप्पा,” ती म्हणाली, “रिकाम्या हातानंच या.”